कात्रीचा हिवाळा

नाशिक फाटा आमच्या कासारवाडीचा. मुंबई-पुणे रस्त्यातून नाशिकचा रस्ता जिथे फुटतो तिथे आता जेआरडी टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे, शेजारून मेट्रो जाते आणि पुलाखाली भोसरी-चाकणच्या पाळ्यांना निघालेल्या कंपनी बसगाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. या रस्त्याकडे इथला माणूस कामाचा रस्ता म्हणूनच पाहतो. पण भारतातल्या आधुनिक वाइनची गोष्ट एकाच रस्त्याच्या कडेने वाचायची असेल तर तो रस्ता हाच. साठ-सत्तर किलोमीटरवर नारायणगाव, दोनशेच्या आसपास नाशिक.

मद्यांची चव घेत फिरण्याची हौस युरोपात जुनी आहे. हंगेरीत गेलेला हौशी प्रवासी बुडापेस्टहून निघतो, एगरला एक रात्र काढतो, पुढे टोकायला जातो. सगळं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या घरातलं, म्हणजे आपल्या पुणे-नाशिकएवढंच. वाटेत तळघरं, वाइन, आणि जेवणाआधी फळांपासून गाळलेल्या पालिंका नावाच्या कडक दारूचा छोटा पेला. तिथल्या तळघरांना तीन-चारशे वर्षांचा इतिहास आहे, इथल्या वाइनला जेमतेम चाळीस. मला मात्र वयातल्या फरकापेक्षा दुसरा एक फरक मोठा वाटतो. टोकायच्या पेल्यात हवामान आणि बुरशी उतरलेली असते. आपल्या पेल्यात उतरते ती छाटणीची कात्री आणि सरकारी जीआर.

मोशी ओलांडली की चाकण. सहलीला निघालेल्याने हा टप्पा पहाटेच पार करावा, नाहीतर तळेगाव चौकातच दुपार होते. चाकणच्या संग्रामदुर्गाला १६६० मध्ये शायिस्तेखानाने वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळपास दोन महिने झुंजवला. एगरचीही अशीच गोष्ट आहे. १५५२ मध्ये इश्तवान डोबोने मूठभर माणसांनिशी तुर्कांचा वेढा महिनाभराहून अधिक काळ थोपवला. तिथल्या लोकांनी या वेढ्याची वाइन करून टाकली. दाढ्यांवरून ओघळणारी लाल वाइन पाहून तुर्कांना वाटलं, हे बैलाचं रक्त पितात, अशी दंतकथा रचली गेली आणि ‘बिकावेर’, म्हणजे बैलाचं रक्त, या नावाने एगरची लाल वाइन जगभर विकली जाते. चाकणला वेढा आहे, पराक्रम आहे, कांद्याचा बाजार आहे, मोटारींचे कारखाने आहेत. पण किल्ल्यात जाऊन आलेला माणूस आसपास शोधूनही फारसा सापडत नाही. विक्रीची कला युरोपाकडून शिकावी ती अशी.

राजगुरुनगर, मंचर मागे पडलं की नारायणगाव. तमाशाच्या राहुट्या आणि टोमॅटोचा बाजार यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने पायपर-हायडसिक या फ्रेंच शँपेन घराण्याची तांत्रिक मदत घेऊन फसफसणारी वाइन काढली. देशात ती ‘मार्कीझ द पोंपादूर’ नावाने विकली गेली, परदेशात ‘ओमर खय्याम’ नावाने. जुन्नर तालुक्यातली द्राक्षं लंडनच्या हॉटेलांत बाटलीतून पोचतात, हे त्या काळी बऱ्याच पुणेकरांच्या गावीही नव्हतं.

ही वाइन करण्याची रीत मोठी चिकाटीची. आधी साधी, आंबटसर पांढरी वाइन करायची. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट लावायचं. बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबवण सुरू होतं, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब पाच-सहा वातावरणांइतका चढतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून त्या बाटल्यांची काच जाड आणि बूड आत दबलेलं. मग मेलेल्या यीस्टचा गाळ काढायचा. बाटल्या हळूहळू उलट्या करत, रोज थोड्या फिरवत, गाळ मानेपाशी आणायचा, मान गोठवायची आणि बूच उघडून तो बर्फाचा खडा दाबानेच बाहेर उडवायचा. उसाच्या आणि कांद्याच्या पट्ट्यात हे काम शिकलेली माणसं तयार झाली, हे इंडाजचं खरं योगदान. पुढे कंपनीने परदेशात धडाक्याने खरेद्या केल्या, २००८ ची मंदी आली, कर्जं अंगावर आली आणि कारभार आटोपला. आज सहलीची गाडी नारायणगावला थांबते ती मिसळीसाठी.

आळेफाटा, बोटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. हा प्रवास निवांत आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही. तेवढ्या वेळात द्राक्षवेलीकडे नीट पाहू.

द्राक्षवेल मुळात थंड देशांची. हंगेरीत हिवाळ्यात ती पानं टाकून झोपते, वसंतात फुटते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते आणि पुन्हा झोपते. तिला दिवस-रात्र मोजून सांगायला कोणी लागत नाही. आपल्याकडे वीस अंश अक्षांशावर तिला झोपच येत नाही. मोकळी सोडली तर ती बारा महिने वाढत राहील, पानंच पानं, फळ नावापुरतं. म्हणून आपल्या बागायतदाराने वर्षाला दोन छाटण्यांची रीत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी: जुन्या काड्या जवळपास ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या मुख्य फांदीपर्यंत, खरडून काढायच्या. त्यावर नवीन काड्या येतात, उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजं धरतात, पावसाळ्यात काड्या पिकून तपकिरी होतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी: पिकलेल्या काडीवर मोजके डोळे ठेवून बाकी शेंडा उडवायचा, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं. त्यानंतर साडेतीन-चार महिन्यांनी, जानेवारी ते मार्च, घड काढायला येतात. युरोपात जे काम बर्फ करतो ते इथे कात्री करते. जगातली बहुतेक द्राक्षं शरद ऋतूत उतरतात आणि आपली शिवरात्रीच्या आगेमागे, त्याचं कारण हेच.

या उलट्या वेळापत्रकाचा परिणाम थेट चवीवर होतो. टोकायमध्ये द्राक्ष पिकत असताना हवा थंड होत जाते. तिथे बोद्रोग आणि तिसा या नद्या एकमेकींना मिळतात, शरदात सकाळी दाट धुकं पडतं, दुपारी ऊन. त्या ओलीत बोट्रायटिस नावाची बुरशी मण्यांवर बसते, सालीला सूक्ष्म भोकं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि मणी मनुक्यासारखा सुरकुततो. साखर, आम्लता, सुगंध सगळं घट्ट होतं. असे मणी एकेक करून वेचतात आणि त्यांची ‘असू’ नावाची गोड वाइन करतात. या प्रदेशाच्या सीमा राजाज्ञेने आखल्या गेल्या त्या १७३७ मध्ये. आपल्याकडच्या बागायतदाराला बोट्रायटिस दाखवा, तो फवारणीचा पंप आणायला पळेल. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांनी आधीच त्याची झोप उडवलेली असते, त्यात ही तिसरी.

आपलं द्राक्ष पिकतं तेव्हा उलट ऊन वाढत असतं. फेब्रुवारी सरत आला की मण्यातली साखर झपाट्याने चढते आणि उष्णतेने आतलं मॅलिक आम्ल जळून जातं. चार दिवस उशीर झाला तर वाइन जाड, मद्यार्काने जड आणि बेचव होते. म्हणून इथे तोडणीची तारीख हीच वाइनची निम्मी कारागिरी आहे. नाशिकचं द्राक्ष इथे दोन गोष्टींनी वाचलं: समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि हिवाळ्यातल्या गारठलेल्या रात्री. राज्यातला नीचांक निफाडचा, ही बातमी दर डिसेंबर-जानेवारीत छापून येते ती उगाच नाही. दिवसा ऊन साखर भरतं आणि रात्रीची थंडी आम्ल राखते.

वाइनचं द्राक्ष खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळं, हे बऱ्याच लोकांना बागेत गेल्यावरच कळतं. थॉमसन किंवा सोनाकाचा मणी मोठा, पातळ सालीचा, बिनबियांचा. बागायतदार तो जीए या संप्रेरकाच्या द्रावणात बुडवून आणखी फुगवतो. शिराझ किंवा कॅबर्ने सोविन्योंचा मणी लहान, बियांचा, जाड सालीचा आणि चवीला नुसता गोड नाही तर तुरट. लाल वाइनचा रंग, तुरटपणा, सुगंध सालीत असतो, रसात नाही; म्हणून लहान मणी हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. खायच्या द्राक्षाचं एकरी दहा टनांच्या पुढे उत्पन्न घेणाऱ्याला इथे चार-पाच टनांवर थांबायला सांगतात, कारण वेलीवर ओझं वाढलं की चव पातळ होते. धोका असा की हे द्राक्ष वाइनरीने घेतलं नाही तर बाजार समितीत त्याला गिऱ्हाईक नाही. २००८ नंतर वाइनची मागणी घसरली तेव्हा नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. त्यांना दोष देता येत नाही.

आता जीआरकडे. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षांपासून इथेच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्क माफ झालं, परवाने सोपे झाले, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क जाहीर झाले. तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या वाइनरी पाहता पाहता डझनांनी झाल्या. पलूसचं फारसं फळलं नाही. खायच्या द्राक्षाचा आणि बेदाण्याचा पट्टा तिथे पक्का बसलेला होता. नाशिकचं मात्र बस्तान बसलं, कारण तिथे रस्ता आधीच एकाने पाडला होता.

राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियात ओरॅकलमधली नोकरी सोडून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबा, गुलाब वगैरे करून पाहून १९९७ मध्ये वाइनच्या वेली लावल्या. केरी डॅम्स्की हे कॅलिफोर्नियाचे वाइनकार मदतीला होते. त्यांच्या ‘सुला’ या वाइनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. या माणसाला दोन गोष्टी नेमक्या कळल्या. उष्ण देशात आधी पांढरी वाइन करावी, म्हणून सोविन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. आणि ज्या समाजात वाइन म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तिथे बाटली दुकानात पाठवण्याआधी गिऱ्हाईक बागेत आणावं. २००५ मध्ये तिथे चव घेण्याची खोली उघडली. आज गंगापूर धरणाच्या काठाने सुला, यॉर्क, सोमा अशी रांगच आहे. वाइनच्या पर्यटनाचा कारखाना झालाय असं काहींना वाटतं, आणि शनिवार-रविवारची गर्दी पाहिली तर ते खोटंही नाही. म्हणून शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठावा.

आत गेल्यावर हंगेरीसारखं काळ्या बुरशीने मढलेलं दगडी तळघर शोधू नये. इथलं तळघर म्हणजे शीतकरणाचं यंत्र. द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडून आणतात. पांढऱ्या वाइनसाठी ती लगेच दाबून रस वेगळा करतात आणि पोलादी टाक्यांत सोळा अंशांच्या आसपास थंड ठेवून सावकाश आंबवतात. तापमान चढलं की फळाचा सुगंध वायूबरोबर उडून जातो. लाल वाइनचा रस सालींसकट पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर आंबतो, कारण सालीतला रंग ओढून काढायला ऊब लागते. या टाक्या, पंप, थंड पाण्याची आवरणं पाहिली की औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला परकं वाटत नाही. कासारवाडीच्या शेजारी दापोडीत आल्फा लाव्हालने वर्षानुवर्षं घन आणि द्रव वेगळे करणारी यंत्रं घडवली, आणि मद्यार्काचे कारखाने उभारणारी प्राज ही कंपनीही पुण्याचीच.

चव कशी घ्यावी याचं फार स्तोम माजवलं जातं. खरं तर काम साधं आहे. पेला एक तृतीयांशाहून कमी भरावा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा, गोल फिरवून नाक आत घालावं, घोट तोंडात सगळीकडे खेळवावा आणि पाच-सहा वाइन चाखायच्या असतील तर पिकदाणीत थुंकावा. थुंकायला आपले लोक लाजतात. तिथे वाइनकार स्वतः थुंकतो. पाहायच्या गोष्टी चारच: आंबटपणा, गोडवा, तुरटपणा, मद्यार्काची ऊब. नाशिकच्या सोविन्यों ब्लांमध्ये कच्च्या पेरूचा आणि हिरव्या मिरचीच्या देठाचा वास येतो. शेनिन ब्लां थोडी गोडसर ठेवतात, आणि तिखट जेवणाबरोबर तीच सर्वांत शहाणी निवड आहे, कारण गोडवा तिखट झेलतो. त्याउलट तुरट, जड कॅबर्ने आणि झणझणीत रस्सा एकत्र आले की जिभेवर भांडण होतं. इथल्या पांढऱ्या वाइन लालपेक्षा सरस आहेत हे माझं मत. शिराझ हा अपवाद धरायला मी तयार आहे. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं पुस्तकात असतं, पण ती खोली युरोपातली. आपल्या बत्तीस अंशांच्या खोलीतली बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये जायला हवी.

वेळ असेल त्याने वेगळ्या दिवशी सोलापूरची वाट धरावी. अकलूजजवळ फ्रातेल्लीची बाग आहे: इटलीचे सेक्की, अकलूजचे मोहिते-पाटील आणि दिल्लीचे सेखरी अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली. तिथली सांजोव्हेसे ही इटलीची जात माळशिरसच्या माळावर चांगली रुजली आहे.

वाइनबद्दल सरकारचं धोरण मऊ, समाजाचं मन मात्र दुभंगलेलं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा एका बाजूने ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगितलं गेलं, दुसऱ्या बाजूने अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय कागदावरच राहिला. बारा-चौदा टक्के मद्यार्क असलेलं पेय दारूच आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही. शेतकऱ्याचा फायदा हा वेगळा आणि खरा मुद्दा आहे; तो सांगायला रसायनशास्त्र वाकवायची गरज नव्हती. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे, त्यामुळे वाइनरीतही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, वाइनसाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूसाठी पंचवीस. गाडी चालवणारा वेगळाच ठेवावा, आणि त्याच्यासाठी द्राक्षाचा ताजा रस मिळतो.

राहिली कडक दारू. हंगेरीच्या सहलीत पालिंका असते. नाशिकच्या रस्त्यावर तिच्या जोडीचं काही का नाही? पालिंका म्हणजे जर्दाळू, आलुबुखार, नासपती, चेरी यांचा आंबवलेला रस गाळून काढलेलं मद्य. त्यात बाहेरची साखर किंवा दुसरा मद्यार्क मिसळायचा नाही, फळ हंगेरीचंच हवं, ताकद किमान साडेसदतीस टक्के. शेतकरी ती घरी गाळत आला. २०१० मध्ये तिथल्या सरकारने घरगुती गाळपाला ठरावीक मर्यादेपर्यंत करमाफी दिली आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं; पण भट्टी लावणं हा गुन्हा आहे असं तिथे कुणाला वाटत नाही.

आपल्याकडे ती जागा मोहाची होती. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पडणारी मांसल, साखरेने भरलेली फुलं वेचायची, सुकवायची, भिजवून आंबवायची, गाळायची. इंग्रजांना यात महसूल बुडताना दिसला. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळप मोठ्या ठेकेदारांच्या हाती गेलं आणि १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे फुलं बाळगण्यावरच निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर दारूबंदीने उरलेलं काम केलं. गावची गाळणी हातभट्टी ठरून ओढ्याकाठी लपली, आणि अधिकृत ‘देशी’ मात्र साखर कारखान्याच्या मळीतून येते; बाटलीवर संत्रं, आत मळीचा मद्यार्क. मोह सर्वांत जास्त आहे त्या गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाबंदी आहे. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरची बंधनं सैल केली, आणि आता डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने मोहाची दारू ‘सिक्स ब्रदर्स महुरा’ नावाने काचेच्या देखण्या बाटलीत आणली आहे. तिला सुकल्या फुलांचा, थोडा मातकट वास असतो आणि मला तो कित्येक महागड्या जिनपेक्षा प्रामाणिक वाटतो.

पालिंकेशी बरोबरी करायची तर शेवटी गोव्यालाच जावं लागतं. काजूची पिकून आपोआप गळालेली बोंडं तुडवून रस काढतात, त्यात ना पाणी ना यीस्ट, तो आपणच आंबतो. पहिल्या गाळपाला हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांची, लिंबू-मीठ-मिरची घालून प्यायची. ती पुन्हा गाळली की फेणी, बेचाळीस टक्क्यांच्या पुढची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवलं. सीमेच्या अलीकडे, दोडामार्ग-सावंतवाडीत तेच झाड, तीच बोंडं. बी विकली जाते, बोंडं बरीचशी कुजतात किंवा टेम्पोतून पलीकडच्या भट्ट्यांवर जातात. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते. हुर्राक टिकत नाही; ती प्यायची तर मार्च ते मे या दिवसांतच, आणि तिथेच.